एका मणाची १०२४ निळवी

माझ्याकडे आजच्या घडीला ४३ जुनी मापं आणि वजनं आहेत. बहुतेक पितळेची, काही लोखंडी पत्र्याची, दोन लाकडाची. बुकशेल्फच्या खालच्या तीन कप्प्यांत सगळी मावतात, त्यामुळे त्यांना 'संग्रह' म्हणताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेली दोन वर्षं कुणी वडिलांचं एचएमटी घड्याळ टाकतं, कुणी मर्फीचा रेडिओ, कुणी गंजलेली कंपासपेटी. त्यावर पन्नास बदाम पडतात आणि विषय संपतो. मी माझ्या मापांचा फोटो टाकला तेव्हा आपल्यातल्या एकानं विचारलं होतं, "यात मनीप्लँट लावतेस का?" नाही लावत. हल्ली हॉटेलांत पायली उलटी टांगून तिच्यात दिवा लावलेला असतो, तोही मला बघवत नाही.

स्मरणिकेसाठी लेख द्यायचं ठरलं तेव्हा शाळेच्या आठवणी इतर सगळे माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील हे मला माहीत होतं. म्हणून या मापांचा इतिहास लिहिते. त्यातला बराचसा आपल्याच गावात आणि थोडासा आपल्या सातवीच्या वर्गात घडलेला आहे.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आपल्या गावच्या आडत बाजारात मापाडी होते. आपल्या मुलांना हे सांगायचं तर मापाडी म्हणजे कोण इथपासून सुरुवात करावी लागते. शेतकरी ज्वारी घेऊन आडतीवर यायचा. विकणारा एक, घेणारा दुसरा, आणि दोघांच्या मधे हातात माप धरून बसलेला तिसरा, तो मापाडी. राशीपाशी गुडघे टेकून बसायचं, माप राशीत खुपसायचं, भरून वर काढायचं, पोत्यात ओतायचं आणि मोठ्यानं मोजायचं. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. आबा घरी आजीला तांदूळ काढून देतानासुद्धा 'लाभ' म्हणायचे. मी लहानपणी अंक शिकताना तसंच म्हणत असे, आणि बालवाडीच्या बाईंनी आईला बोलावून विचारलं होतं की हिला 'एक' येत नाही का.

आबा गेले १९९४ साली, आपण सातवीत असताना. त्यांची पितळी पायली, शेर आणि चिपटं आजीनं जपून ठेवलं होतं. तीच माझ्या संग्रहातली पहिली तीन मापं. बाकीची मी नोकरी लागल्यानंतर जमवली. बरीचशी पुण्याच्या जुन्या बाजारातून, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि काही नातेवाइकांकडून, ज्यांना ती भंगारात द्यायची होती.

आता सातवीच्या वर्गाकडे येते. ज्यांना आठवत असेल त्यांनी आठवावं. गणिताच्या सरांचा एक तास मोकळा होता आणि बाहेर पाऊस होता. सरांनी आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून दाखवली. अभ्यासक्रमात नव्हतीच ती. त्यांच्या लहानपणी मात्र पाठ असावीच लागत. मग फळ्यावर त्यांनी जुन्या अंकलिपीतलं धान्याच्या मापांचं कोष्टक लिहिलं. दोन निळवी म्हणजे एक कोळवं. दोन कोळवी म्हणजे एक चिपटं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं. दोन मापटी म्हणजे एक शेर. दोन शेर म्हणजे एक अधोली. दोन अधोल्या म्हणजे एक पायली. सोळा पायल्या म्हणजे एक मण. आणि वीस मण म्हणजे एक खंडी. मागच्या बाकावरून निळवं-कोळवं या जोडीवर जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो.

मी तेव्हा ते वहीत उतरवून घेतलं, आबांची मापं घरात होती म्हणून. त्याचा अर्थ लागला तो पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. संगणकाचा तास होता आणि १०२४ बाइट म्हणजे एक किलोबाइट, असं सांगितलं जात होतं. हजार नाही, १०२४, कारण एकाला दोनानं दहा वेळा गुणत गेलं की तेवढे होतात. मला ते कोष्टक आठवलं. निळव्यापासून पायलीपर्यंत सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ निळवी. सोळा पायल्यांचा मण, म्हणजे आणखी चार वेळा दुप्पट. एका मणाची निळवी बरोबर १०२४. मी वहीच्या समासात तसं लिहिलं आणि शेजारच्या मुलीला दाखवलं. तिला निळवं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यामुळे माझा आनंद तिथेच राहिला. आज तो तुमच्यापुढे ठेवते आहे.

यात गंमत एवढीच नाही. रुपयाचं जुनं कोष्टक शेजारी ठेवून बघा. एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे पैसे ६४. पायलीची निळवीही ६४. पायली एक रुपयाला असेल तर शेर चार आण्यांना, मापटं दोन आण्यांना, चिपटं एका आण्याला, कोळवं ढब्बू पैशाला आणि निळवं एका पैशाला. काही गुणाकार-भागाकार करायची गरज नाही. माप निम्मं केलं की नाणंही निम्मं करायचं. अक्षरओळख नसलेली बाई दुकानात उभी राहून हा हिशेब बोटांवर करू शकत होती, आणि करतही होती. आमची आजी शाळेत गेलेली नव्हती, पण पाऊण पायली सव्वा रुपयाच्या भावानं किती, हे ती दळण निवडता निवडता सांगायची. मी आज ज्या प्रकारचं सॉफ्टवेअर लिहिते त्यात दोन वेगवेगळ्या यंत्रणांची एककं जुळवण्यात आमचे कितीतरी दिवस जातात. ही जुळणी कुणी एकानं बसून केलेली नाही, बाजारानं शेकडो वर्षांत घासून घासून केली आहे. म्हणूनच मला तिचं जास्त कौतुक वाटतं.

निम्मं करत जाणं हे फार जुनं आहे. सिंधू संस्कृतीतल्या चर्ट दगडाच्या घनाकृती वजनांमध्ये १, २, ४, ८, १६, ३२, ६४ हीच चढण आढळते. त्यातलं सोळाचं वजन साधारण १३.७ ग्रॅमचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुडुंब, प्रस्थ, आढक, द्रोण ही मापं चौपटीनं चढत जातात. याचं कारण साधं आहे. ज्याच्याकडे खुणा केलेली पट्टी नाही, त्यालाही एका ढिगाचे दोन सारखे ढीग करता येतात, तराजू असेल तर अगदी अचूक. दहा सारखे भाग मात्र करून बघा, मग कळेल. शिवाय १, २, ४, ८ आणि १६ अशी पाचच वजनं जवळ असली तरी १ पासून ३१ पर्यंत कुठलंही वजन करता येतं. प्रत्येक वजन पारड्यात एक तर आहे किंवा नाही. संगणकातला बिट म्हणजे दुसरं काही नाही.

इथपर्यंत मी कॉलेजात असल्यापासून सगळ्यांना सांगत आले आहे. कुठल्याही समारंभात सांगण्यासारखी गोष्ट आहे, लोक माना डोलावतात आणि 'आपले पूर्वज किती हुशार होते' असं म्हणतात. मी पुढचं सांगायला लागले की मात्र श्रोते जेवणाच्या रांगेकडे बघू लागतात.

पुढचं असं की ही सगळी मापं एकमेकांशी नेमकी जुळत होती, पण एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नव्हता. सोळा पायल्यांचा मण आपल्याकडे, तर दुसरीकडे बाराचा. धान्य मोजायचा मापी शेर वेगळा आणि गूळ-तूप जोखायचा वजनी शेर वेगळा. त्यातही कच्चा आणि पक्का. मापी मणाचे शेर ६४, वजनी मणाचे ४०. इंग्रजांच्या दप्तरात मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. नाव एकच, माल जवळजवळ तिप्पट. १८७१ साली शेर म्हणजे एक किलोग्रॅम असं ठरवणारा कायदाही झाला, पण तो अंमलात आलाच नाही. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. १९३९ साली देशासाठी १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण असं प्रमाण ठरलं. म्हणजे शेर आजच्या हिशेबात ९३३ ग्रॅमचा. कागदावर ठरलं, पण खळ्यावर शेतकऱ्यासमोर जे माप यायचं ते ज्याच्या घरचं असेल त्याचंच असायचं.

माप भरण्याच्या रीतीतही फरक. धान्य उंचावरून सोडलं की घट्ट बसतं, हलक्या हातानं ओतलं की पोकळ राहतं. भरताना मापाला गुडघ्याचा धक्का दिला की मूठभर जास्त मावतं. आणि काठावर धान्याचा जो सुळका उभा राहतो, ती शीग. सपाट माप म्हणजे काठाशी हात फिरवून शीग पाडलेलं, आणि शिगेचं माप म्हणजे सुळक्यासकट. दोन मापं आतून सारखीच असली, पण एकाचं तोंड रुंद असलं, तर रुंद तोंडाच्या मापावर शीग कितीतरी मोठी बसते. सुळक्याचं घनफळ त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतं, हे आपल्याला दहावीच्या भूमितीत शिकवलं, पण मापं बनवून घेणाऱ्यांना ते त्याआधीच ठाऊक असणार. आबांच्या शेरावर मी मालदांडी ज्वारीची शीग लावून मोजली तेव्हा सपाट मापापेक्षा सुमारे १५० मिलिलिटर जास्त भरली.

आता वाड्याची गोष्ट. आपल्या वर्गातल्या एका मित्राचा वाडा, ज्याच्या अंगणात आपण सगळेच कधी ना कधी गणपतीच्या आरतीला उभे राहिलो आहोत, २०१९ साली उतरवला. भिंतीतलं बळद फोडताना आत जुनी पोती, एक कुदळ आणि दोन पितळी शेर सापडले. त्याला माझं वेड माहीत होतं. त्यानं फोन केला, "घेऊन जा, नाहीतर हे लोक मोडीत घालतील." दिवाळीच्या सुट्टीत मी ते घेऊन आले.

दोन्ही शेर दिसायला जुळ्या भावांसारखे. तोच कारागीर, तीच कड, तळाशी तीच फुलाची खूण. उंचीही तेवढीच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मापाची मी नोंद करते. उंची, तोंडाचा व्यास, वजन, शिक्का, आणि काठोकाठ किती पाणी मावतं ते. एका शेरात ११६० मिलिलिटर मावलं. दुसऱ्यात १२७०. मी तीनदा मोजलं. मग आत बोटं घालून बघितलं, तर पहिल्याचा पत्रा आणि तळ दोन्ही जाड होते. बाहेरून सारखे दिसावेत म्हणून जाडी आत घेतली होती.

मी आईला फोन करून विचारलं. आई म्हणाली, "तुझी आजी सांगायची की. न्यायचं माप लहान आणि आणायचं माप मोठं." आजी तेव्हा हयात नव्हती. तिचं माहेर गावाबाहेरच्या वस्तीवरचं, आणि तिचे वडील दर वर्षी श्रावण-भाद्रपदात, घरातली ज्वारी संपली की वाड्यावरून पेरणीला आणि खायला धान्य आणायचे. फाल्गुनात रास झाली की परत करायचं, दिढीनं. म्हणजे एक मण नेलं तर दीड मण आणायचं.

हिशेब मांडते. लहान मापानं एक मण नेलं, म्हणजे ६४ शेर. दिढीनं परत करायचे ९६ शेर, पण ते मोठ्या मापानं. मोठ्या मापाचे ९६ म्हणजे लहान मापाचे १०५. सात महिन्यांसाठी घेतलेल्या ६४ चे १०५ झाले. शिगेचं यात धरलेलंच नाही. नेताना सपाट आणि आणताना शिगेनं, असं आजी सांगायची, पण मी मोजलं तेवढंच लिहिते. सरांनी आम्हाला त्या पावसाळी तासाला जी दिडकी म्हणून दाखवली, एक दिडकी दीड, बे दिडकी तीन, ती पूर्वीच्या काळी शाळेत इतकी घोटून का घेत होते, तेही मला तेव्हा उमगलं. गावात व्याजाचा हिशेब तीवरच चालायचा.

हे फक्त आपल्या गावचं नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, आणि दंगल पुणे-नगरच्या गावोगावी पसरली. त्यांनी शोधून शोधून जाळले ते कर्जरोखे. त्यानंतर १८७९ साली सरकारनं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि कोर्टाला कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासायचा अधिकार मिळाला. कागद कोर्टात तपासता येत होता. बळदातल्या शेराकडे कोण बघणार? पार फ्रान्समध्येही हेच. १७८९ साली राजाकडे गावोगावहून ज्या तक्रारींच्या याद्या गेल्या, त्यांत जमीनदार आपल्या घरच्या फुगवलेल्या मापानं धान्य वसूल करतो ही तक्रार पुन्हा पुन्हा आहे. सगळ्या देशाला एकच माप हवं, ही मागणी त्यातूनच पुढे आली, आणि १७९५ मध्ये मीटर-ग्रॅमचा कायदा झाला. आपण शाळेत मेट्रिक पद्धत शिकलो ती शास्त्रज्ञांची सोय म्हणून. तिच्या मुळाशी खळ्यावरचं भांडण होतं हे कुणी सांगितलं नाही.

आपल्याकडे ती आली १९५६ च्या कायद्यानं. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येणार हे ठरलंच होतं. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि सगळ्या निम्म्या-निम्म्याच्या हिशेबाची घडी मोडली. चार आण्यांचे २५, आठ आण्यांचे ५०, इथवर ठीक. पण एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचं नाणं कुठून आणायचं? सरकारी तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२ आणि तीन आण्यांना १९ असं होतं. म्हणजे एक एक आणा चार वेळा दिला तर २४, आणि चार आणे एकदम दिले तर २५. या एका पैशावरून बाजारात रोज भांडणं व्हायची, असं आबा हसत सांगायचे. वजनं ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि एप्रिल १९६२ पासून जुनी वजनं व्यापारातून बाद झाली. आपल्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत नकाशांच्या मागे दशमान पद्धतीचा एक रंगीत तक्ता होता, तो त्याच काळातला. स्नेहसंमेलनाच्या वेळी आपण त्याच्या मागच्या बाजूला निवेदन लिहिलं होतं.

आबा तेव्हा चाळिशीचे होते. आता आपण आहोत तेवढे. ज्या हाताच्या कसबावर त्यांचं पोट चालत होतं ते कसब चार वर्षांत निकामी झालं. पुढे ते काट्यावर तोलाईचं काम करू लागले. मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुम्हाला पायली गेल्याचं वाईट वाटलं का. म्हणजे मला उत्तर 'हो' असंच अपेक्षित होतं, दुसरीतिसरीतल्या मुलीला आजोबांकडून तसंच अपेक्षित असतं. ते म्हणाले, "छे. किलो बरा. किलो कुणाच्या घरचा नसतो." मग त्यांनी मला दुकानातलं षटकोनी लोखंडी वजन उलटं करून दाखवलं. खाली एक भोक, त्यात भरलेलं शिसं, आणि शिशावर सरकारी शिक्का. दर ठरलेल्या मुदतीनं वजन तपासायला न्यावं लागतं, कमी भरलं तर शिसं भरून बरोबर करतात आणि पुन्हा शिक्का मारतात. ते शिसं बोटानं चाचपून बघायची त्यांना सवय होती, दुकान कुणाचंही असो. मलाही ती लागली आहे. भाजीवाल्या मावशी माझ्याकडे संशयानं बघतात.

माप ज्याच्या हातात त्याच्या इमानावर सगळं अवलंबून, ही गोष्ट त्यांना मापाडी म्हणून इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती. दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर दाब यायचा. आडत्या म्हणायचा जरा सैल भर, शेतकरी मुकाट्यानं हाताकडे बघत राहायचा. आबा काय करायचे? आजी म्हणायची, "ते सरळ भरायचे म्हणून तर आपण आहोत तसे आहोत." यात अभिमान किती आणि तक्रार किती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

जुनी मापं गेली, पण बोलण्यातून गेली नाहीत. तब्येत तोळामासा असते, गोष्ट सोळा आणे खरी असते, अक्कल छटाकभर असते आणि मापात पाप करू नये असं आपण अजून म्हणतो. पावशेराचा निम्मा तो नवटाक, त्याची पुढे कुठल्या दुकानात बदली झाली ते आपल्या बॅचच्या मुलांना विचारावं. सोनार अजून तोळा म्हणतो, पण तो दहा ग्रॅमचा. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. लग्न होऊन घरात येणारी नवरी आजही उंबरठ्यावरचं माप ओलांडते. माझ्या वेळी सासरी माप नव्हतं, स्टीलचा डबा आणला होता. मी आबांचा शेर सोबत नेला होता तो पुढे केला. सासूबाईंना आवडलं की नाही ते कळलं नाही, पण तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नाला तोच जातो.

वस्तू गोळा करणाऱ्यांची गोष्ट निघाली की पुण्यात केळकर संग्रहालयाचं नाव निघतंच. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या लहानपणीच वारलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते उभं केलं. दिवे, अडकित्ते, वज्र्या, भांडी, गावोगाव फिरून जमवलेल्या हजारो वस्तू, आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. मी तिथे शाळेच्या सहलीत पहिल्यांदा गेले, तुम्हीही होतात. आता जाते तेव्हा प्रत्येक अडकित्त्यासमोर माझ्या मनात एकच येतं की यानं सुपारी कातरणारी बाई कोण होती. वस्तू टिकते, तिच्याबरोबरचं वाक्य टिकत नाही. माझ्या नोंदींच्या तक्त्यात म्हणूनच शेवटचा रकाना 'कोण काय म्हणालं' असा आहे. आबांच्या पायलीसमोर तिथे 'किलो कुणाच्या घरचा नसतो' असं लिहिलं आहे. जुन्या बाजारातून आणलेल्या बऱ्याच मापांसमोर तो रकाना रिकामा आहे, आणि खरं सांगायचं तर ती मापं मला थोडी परकी वाटतात.

किलोचाही एक नमुना होता. पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल, आणि जगभर त्याच्या प्रती. भारताची प्रत क्रमांक ५७ ची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर बसवली गेली आणि पॅरिसच्या त्या दंडगोलाचं काम संपलं. त्याच वर्षी वाडा उतरला. आता किलो खरोखरच कुणाच्या घरचा नाही. आबांना हे समजावून सांगायला मला आवडलं असतं. प्लँक त्यांना झेपला नसता, पण मुद्दा लगेच कळला असता.

राहता राहिले वाड्याचे दोन शेर. मोजल्यानंतर दोन महिने मी गप्प होते. मग मित्राला घरी बोलावलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर त्याच्यासमोर पुन्हा मोजलं. त्यानंच पाणी ओतलं. ११६० आणि १२७०. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या घरात आजोबांना गावचा आधार म्हणायचे. आधार होताच ना? दुष्काळात दुसरं कोण देत होतं?" मी म्हटलं, होता. माझ्या पणजोबांना त्याच वाड्यानं जगवलं हेही खरंच. त्यानं दोन्ही माप हातात घेऊन वजन अजमावलं, जसं आपण बाजारात कलिंगड अजमावतो तसं, आणि विचारलं, "याच्यावर लिहिणार आहेस?" मी म्हटलं, तू नको म्हणालास तर नाही. तो म्हणाला, "लिही. नाव टाकू नकोस. ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

शाळेनं आपल्या बॅचला ग्रंथालयात एक काचेचं कपाट ठेवायची परवानगी दिली आहे. आबांची पायली आणि चिपटं मी तिथे देणार आहे. शेर नाही, तो लग्नांना लागतो. तुमच्या घरी माप, वजन, तराजू, काहीही असेल तर आणा, पण ते वापरणाऱ्या माणसाबद्दल एक वाक्य लिहून सोबत आणा. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना आजच विचारा. वाड्याचे दोन्ही शेरही त्या कपाटात शेजारी शेजारी ठेवायचे, असं मित्रानं स्वतः सांगितलं आहे, आणि खाली दोन्ही आकडे लिहायचे. चिठ्ठी तोच लिहितो म्हणाला आहे. त्याचं अक्षर चांगलं आहे, तुम्हाला आठवत असेल, सुविचाराचा फळा तोच लिहायचा.